पश्चिमेचं बारदान

कामरगाव,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. नीलिमा,

जयभीम. आशीर्वाद पत्राच्या शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

नागपूरहून परत आलेल्या चित्रणाच्या डिस्कच्या डब्यात तुझ्या सरांची टाइप केलेली चिठ्ठी सापडली. 'दुपारच्या सत्रातील फाइली अपेक्षेच्या निम्म्या. स्थानिक पातळीवर हयगय संभवते.' खाली झोकदार सही. स्थानिक पातळी म्हणजे मी. धनजला दिनेशच्या मिरचीच्या शेडात तुमचे दोन यूएसबी कॅमेरे आणि लॅपटॉप सांभाळणारा दुसरा कोणी नाही. मग सरळ नाव लिहायला काय झाले होते?

फोन करणार होतो. पण फोनवर तू 'हो काका, हो काका' करून मोकळी होतेस. डिस्क एसटी पार्सलने नागपूरला जातेच आहे, तर सोबत कागदही जाऊ दे. कागद नाकबूल करता येत नाही. उत्तरही कागदावरच दे.

आता हयगय मोजू. सकाळी पावणेनऊला दुकानाचे शटर ओढून मी जीप धरतो. साडेनऊ ते साडेबारा आणि तीन ते पाच, असे दोन वेळा चित्रण. दोन्ही कॅमेरे छताच्या पाइपावरून खाली सोडलेल्या सळईला, ओळंबा सोडून सरळ केलेले, जमिनीपासून सहा फूट चार इंच. पहिल्या कॅमेऱ्यात तुझी बेबीआत्या आणि गोमतीबाई, दुसऱ्यात दुर्गाबाई आणि तनुजा. तनुजाच्या तान्ह्या पोरीची झोळी दुसऱ्या कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात येते. ती मी हलवायला लावली नाही, कारण शेडाच्या छताची तेवढी एकच लोखंडी कैची झोळी टांगायला भरवशाची आहे. झोळी चित्रात आल्याने तुझ्या संशोधनाचे काही बिघडत नाही.

दुपारी तीननंतर ऊन पश्चिमेकडून थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात येते. बायकांच्याही. म्हणून चार पोती उसवून त्यांचा बारदानाचा पडदा मी स्वतः शिवला, आणि तीनला पाच मिनिटे कमी असताना रोज स्वतः सोडतो. पडद्याने चित्र काळे पडू नये म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरून 'कमी उजेडात चित्र उजळ ठेवा' या ओळीपुढे खूणही मीच केली. तुझ्या सरांच्या छापील सूचनांत यातले एक अक्षर नाही. याला हयगय म्हणतात?

मिरची निवडताना कोणाचा हात किती लांब जातो, पाठ किती वाकते, ते पाहून तू बायकांसाठी बसायची बरी मांडणी काढणार आहेस. तू हे सांगितलेस म्हणून मी यात पडलो. अठ्ठावीस वर्षे टीव्ही, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी उघडतो आहे. कोणत्या कॉलेजात शिकलो नाही. पण माझ्या हातून गेलेली वस्तू त्याच दोषासाठी परत आली, असे सांगणारा माणूस कामरगावात शोधून दाखव.

राग उतरला नाही.

धम्मरत्न


नागपूर,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

जयभीम. ती चिठ्ठी डब्यात गेली हे मला माहीतच नव्हतं. सरांच्या ऑफिसातून परस्पर टाकली गेली. मी त्यांना म्हटलं, काका असे नाहीत. ते म्हणाले, हे व्यक्तीबद्दल नाही, डेटाबद्दल आहे.

पण अडचण खरी आहे, ती नीट सांगते. आपला प्रोग्राम चोपन्न हजार फ्रेम भरल्या की फाइल बंद करतो आणि नवी उघडतो. फ्रेम म्हणजे एकेक फोटो. सेकंदाला तीस फोटो, तर अर्ध्या तासाची एक फाइल. सकाळच्या तीन तासांच्या दर कॅमेऱ्याला सहा फाइली येतात, अगदी बरोबर. दुपारच्या दोन तासांच्या चार यायला हव्यात, तर दोनच. म्हणजे फ्रेम कुठेतरी गळताहेत.

नेहमीची कारणं चार. दोन्ही कॅमेरे एकाच हबमध्ये लावले तर वाट अरुंद पडते. लांब केबलमध्ये सिग्नल मरतो. चित्र न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, पाठवलं तर त्याचं ओझं फार होतं. किंवा डिस्क हळू लिहिते. एवढं तुम्ही तपासाल का? रागावू नका. आत्याला जयभीम सांगा, तिच्या मांडणीचं रेखाटन मी सुरू केलंय.

तुमची नीलिमा


कामरगाव,
३ डिसेंबर २०२४

चि. नीलिमा,

जयभीम. चारही कारणे तपासली. रविवारी दुकान बंद ठेवून, माझ्या कामाच्या टेबलावर, ज्या दिव्याखाली मी केसाएवढ्या तारेला डाग देतो त्या दिव्याखाली. एका वेळी एकच गोष्ट बदलली, कारण दोन बदलल्या तर दोष कोणात ते कळत नाही. हे तुझ्या सरांना कोणी शिकवले असेल अशी आशा करतो.

कॅमेरे वेगवेगळ्या पोर्टमध्ये: सेकंदाला तीस फ्रेम. दोन्ही एका हबमध्ये: तीस. पाच मीटरची तुमची केबल काढून दोन मीटरची माझी लावली: तीस. चित्र न दाबता पाठवून पाहिले, तर दुसरा कॅमेरा सुरूच होईना. पण तो प्रकार मी पहिल्या दिवसापासून वापरत नाही. डिस्क गरजेच्या पाचपट वेगाने लिहिते. दोन तास सलग चालवले. फाइली किती? चार. मोजून चार.

याचा अर्थ उघड आहे. कॅमेरे माझ्याकडे ठीक, केबल ठीक, हब ठीक. दोष तुमच्या प्रोग्राममध्ये आहे, किंवा नागपूरला फाइली उतरवून घेणाऱ्यात आहे. कृपया 'विद्यापीठ पातळीवर हयगय संभवते' अशी एक चिठ्ठी टाइप करून सरांच्या टेबलावर ठेव. सही मी करतो.

आणि सहा तारखेला चित्रण होणार नाही. त्या दिवशी आपल्यातली एकही बाई कामावर जाणार नाही, मीही जाणार नाही. तिथेही 'गैरहजर' असा शेरा मारायचा असेल तर कारणासकट मारा.

राग वाढला आहे.

धम्मरत्न


नागपूर,
१२ डिसेंबर २०२४

ती. काका,

जयभीम. आज तुमचा राग नक्की उतरणार. सर म्हणाले, फाइली कमी का, यात आता वेळ घालवायला नको. खेड्यात दुपारी वीज जातेच, तेवढा वेळ चित्रण थांबत असेल. आहेत त्या फाइली स्वच्छ आहेत, तेवढ्या पुरेत. 'हयगय' हा शब्द त्यांनी मागे घेतला!

आणि निकाल इतका ठळक आलाय की सर स्वतः दोनदा लॅबमध्ये येऊन बघून गेले. हात मिरचीच्या ढिगाकडून कॅरेटकडे, म्हणजे भरायच्या प्लास्टिकच्या क्रेटकडे, मिनिटाला किती वेळा जातो ते प्रोग्रामने मोजलं. सकाळी सरासरी बारा. दुपारी तीननंतर तेवीस. चारही बायकांचं तसंच. सर म्हणतात, घरी जायची वेळ जवळ आली की माणूस स्वतःची खरी क्षमता वापरतो, हे इतक्या स्पष्टपणे कोणी दाखवलेलं नाही. फेब्रुवारीत परिषदेत वाचायचं ठरतंय. शेड वापरायला दिलं म्हणून दिनेशदादांना सरांनी सौजन्य म्हणून एक पानी सारांश पाठवलाय.

बसायच्या मांडणीचं थोडं मागे पडलंय, पण ते होईल. काका, तुमच्या मेहनतीचं चीज झालं.

तुमची नीलिमा


कामरगाव,
२० डिसेंबर २०२४

नीलिमा,

चीज काय झाले ते ऐक.

सोमवारी शेडात गेलो तर दाराशी टिनाचा पत्रा टांगलेला, त्यावर खडूने: 'प्रत्येकी १२ कॅरेट. कमी भरल्यास उद्या येऊ नये.' आजवर एक बाई दिवसाला आठ कॅरेट निवडत होती. आठ तास, आठ कॅरेट, आणि त्यातच कंबर धरते म्हणून तू इथे आली होतीस.

मी दिनेशला विचारले. तो तुझ्या सरांचा कागद खिशातच घेऊन फिरतो. म्हणाला, "धम्मरत्नभाऊ, मी काई मनचं सांगून नाही राह्यलो. तुमचाच कॅमेरा सांगते. दुपारी तेवीस हात, सकायी बारा. मंग दिवसभर अठरा काहून नाही? मी तर तेवीसचं मागितलंच नाही." त्याने हिशोब बरोबर केला आहे. बाराला आठ, तर अठराला बारा. त्रैराशिकात चूक नाही, म्हणून तर त्याच्याशी भांडता येईना.

गोमतीबाई म्हणाली, "तेवीस हात? मी काय थ्रेशर व्हय?"

मंगळवारी बेबीताईचे नऊ भरले, बुधवारी साडेनऊ. गुरुवारी तिला दारातून परत पाठवले. माझी मोठी बहीण, तुझी सख्खी आत्या, सात वर्षे त्या शेडात बसते. ती तशीच चालत माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक उभे होते, तरी थांबली नाही. "काहून रे धम्मा, माह्या हाताले चोर ठरवून तुले काय भेटलं? सकायी मी झोपा काढतो म्हन्ते तो कागद. तू रोज समोर बसून व्हता ना? तुले दिसलं काय कधी मले तेवीस हात मारतानी?"

मी म्हणालो, मला नाही दिसले, पण कॅमेऱ्याने मोजले.

"मंग कॅमेऱ्यालेच जेवाले बोलाव," म्हणाली आणि निघून गेली. तेव्हापासून बोललेली नाही.

आता तू उत्तर दे. दुपारी हात दुप्पट चालले, तर दुपारी कॅरेट दुप्पट भरले का? दिनेश कॅरेट फक्त संध्याकाळी, गाडीत चढवताना मोजतो, म्हणून तुमच्यातल्या कोणाला हे विचारावेसे वाटले नाही? आणि वीज जाते म्हणे! तिथला इन्व्हर्टर मी बसवला आहे. चित्रण सुरू असताना लॅपटॉप एक मिनिटही बंद पडलेला नाही, तशी नोंद माझ्या वहीत रोजच्या वेळेसह आहे. ज्या माणसाने शेड पाहिले नाही, त्याने तिथली वीज घालवली आणि तिथल्या बायका कामचोर ठरवल्या.

आत्यांच्या पाठीसाठी म्हणून मी कॅमेरे लावले होते. तू मला फसवलेस की तुला कोणी फसवले, ते कळव.

धम्मरत्न


नागपूर,
२६ डिसेंबर २०२४

ती. काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी कोणाला फसवलेलं नाही. सारांश मला न विचारता गेला. मी सरांना म्हटलं की दिनेशदादांनी असा अर्थ काढलाय, तर ते म्हणाले, आपण मोजतो, लोक त्याचा काय उपयोग करतात ते आपल्या हातात नसतं.

पण काका, मोजणी खरी आहे. मी स्वतः दुपारची एक फाइल घेऊन बोटावर मोजली. बावीस, तेवीस, चोवीस. आत्या दिसते, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसतात, हात खरंच तेवढे चालतात. डोळ्यांनी दिसतंय ते मी नाही कसं म्हणू? माणसाला स्वतःचा वेग कळत नाही, असंही असेल.

फाइलींच्या प्रती तुमच्या लॅपटॉपवर आहेतच. एकदा आत्यालाच दाखवा. तिचे हात तिनेच पाहू देत.

नीलिमा


कामरगाव,
४ जानेवारी २०२५

नीलिमा,

दाखवले. शांतपणे वाच. मी शांतपणे लिहू शकत नाही, पण क्रम सोडणार नाही.

लॅपटॉप घेऊन बेबीताईकडे गेलो. ती तांदूळ निवडत बसली होती, मान वर केली नाही. मी समोर पाटावर लॅपटॉप ठेवून दुपारची फाइल लावली. थोडा वेळ तिरक्या नजरेने पाहिले, मग सूप बाजूला सरकवले.

"हे मी व्हय?"

"तूच."

"येवढी तर मी माह्या लग्नातबी नाचली नाही." मग म्हणाली, दुसरी लाव, तनुजाची. लावली. आणि दोन मिनिटे झाली नसतील तर ती ओरडली, "थांबव! धम्मा, झोयी पाय. येवढ्या जोरानं हालली तर लेकरू बाहेर पडन ना बापा!"

मी म्हणालो, तनुजाने झोका जोरात दिला असेल.

"तुह्ये डोये फुटले काय? तनुजाचे दोनी हात मिरचीत हायेत. झोयी आपल्या आपण हालून राह्यली."

नीलिमा, मी लोलकाची घड्याळे दुरुस्त केली आहेत. दोराला वजन बांधून सोडले, की ते एकदा जाऊन परत यायला किती वेळ घेईल, ते दोराची लांबी ठरवते. पोरगी जड की हलकी, झोका मोठा की लहान, याने नजरेत भरेल असा फरक पडत नाही. मी सकाळची फाइल लावून झोके मोजले: मिनिटाला वीस. दुपारची लावली: चाळीस. तीच झोळी, तोच दोर. दुसऱ्या दिवशी शेडात जाऊन कैचीपासून टेपने मोजले: साडेसात फूट. गाठ पहिल्या दिवसापासूनची, तनुजाने सोडलेली नाही. मग खात्रीसाठी झोळीत दहा किलो मिरची ठेवून हातातल्या घड्याळावर सकाळी मोजले, दुपारी चार वाजता मोजले. वीस. वीस.

साडेसात फूट दोर मिनिटाला चाळीस झोके घेत नाही. घेऊच शकत नाही. तुझ्या सरांनी हुकूम काढला तरी नाही.

मग उरले काय? दुपारचे चित्र दुप्पट वेगाने चालते. चार वाजता तिथेच लॅपटॉपवर सेकंदाला किती फ्रेम येतात ते पाहिले. पंधरा. बारदान वर बांधले: तीस. सोडले: पंधरा. पडदा तसाच ठेवून 'कमी उजेडात चित्र उजळ ठेवा' ही खूण काढली: चित्र काळवंडले, पण तीस.

आता कळले ते लिहितो. उजेड कमी पडला की कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, म्हणजे चित्र उजळ येते. पण डोळा जास्त वेळ उघडा, तर सेकंदाला तीस वेळा उघडझाप कशी होणार? पंधराच होते. फ्रेम गळतच नव्हत्या, त्या काढल्याच जात नव्हत्या. आणि तुमचा प्रोग्राम काही न विचारता प्रत्येक फोटोवर सेकंदाच्या तिसाव्या भागाचा शिक्का मारतो. म्हणून दोन तासांचे काम एका तासात बसले. म्हणून फाइली चारच्या दोन झाल्या. म्हणून बेबीताई तेवीस हात मारते. तेवीसचे निम्मे साडेअकरा. सकाळी बारा, दुपारी साडेअकरा. तो अर्धा हात थकव्याचा आहे, तुझ्या सरांनी तोही वाचायला शिकावे.

पडदा मी शिवला. तो रोज मी सोडला. खूण मी केली, आणि तुला अभिमानाने लिहिले. दोष दुपारी, शेडात, पडद्याआड घडत होता, आणि मी तपासला कुठे? रविवारी, दुकानात, माझ्या दिव्याखाली. मिक्सर घरी बंद पडतो पण दुकानात चालतो, असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी अठ्ठावीस वर्षे एकच विचारत आलो: तुझ्या घरची लाइन दाखव. तेवढे मला स्वतःला विचारता आले नाही.

मला माझाच राग आला आहे, पण त्यामुळे इतरांचा कमी झालेला नाही. टिनाचा पत्रा अजून तिथेच आहे. दुर्गाबाईलाही काल परत पाठवले. मी दिनेशला झोळीचे सांगितले, तर म्हणतो, "भाऊ, कागद विद्यापीठाचा हाय. खोडाचा तर विद्यापीठानंच खोडावं. तुमी बेबीताईचे भाऊ, तुमी तर म्हणानच."

कागद पाठव.

धम्मरत्न


नागपूर,
११ जानेवारी २०२५

काका,

कागद पाठवतेय. आधी माझं सांगते, नाहीतर तो पाठवायचा मला अधिकार नाही.

वीज गेली असेल हे सरांना मीच सुचवलं होतं. दुपारच्या फाइली निम्म्या आहेत हे मला दुसऱ्या आठवड्यापासून दिसत होतं. तुमचं तीन डिसेंबरचं पत्र आल्यावर तर कारण शोधायलाच हवं होतं. पण निकाल सुंदर आला होता, आणि त्यात एक भोक आहे हे मला बघायचं नव्हतं. वीज म्हटलं की सगळे मान हलवतात. खेड्याबद्दल काहीही म्हटलं तरी इथे सगळे मान हलवतात, आणि मी धनजच्या शेडात जाऊन आलेली पोरगी, मीही हलवली.

दुसरं, तुमच्या पहिल्याच पत्रात पडदा आणि ती खूण, दोन्ही लिहिलेलं आहे. आज काढून वाचलं. मी ती ओळ तेव्हा कौतुकाने वाचून पुढे गेले होते.

सरांना झोळीचं सांगितलं. फाइली दाखवल्या. त्यांनी त्या दोनदा चालवून पाहिल्या. मग म्हणाले, दुपारचा भाग वगळू, तळटीप देऊ: 'अप्रशिक्षित स्थानिक सहाय्यकाच्या चुकीमुळे.' मी विचारलं, दिनेशदादांना पत्र? ते म्हणाले, आपण त्यांना काही करायला सांगितलं नव्हतं, तर मागे घेण्याचाही प्रश्न येत नाही.

म्हणून हे पत्र मी माझ्या नावाने लिहिलंय, प्रकल्पाच्या छापील कागदावर, विभागाचा शिक्का मारून घेऊन. सारांश चुकीचा आहे, तो मागे घेत आहोत, त्यावरून कामाचं प्रमाण ठरवू नये. सरांची सही नाही. उद्या ते विचारतील तेव्हा काय होईल ते होईल. परिषदेला मी जाणार नाही, एवढं त्यांना सांगून टाकलंय.

कारणाची ओळ कोरी ठेवली आहे. सरांनी सांगितलेला शब्द माझ्याने लिहवत नाही, आणि खोटंही लिहायचं नाही. काका, ती तुम्ही भरा.

नीलिमा


कामरगाव,
२० जानेवारी २०२५

चि. नीलिमा,

जयभीम.

ओळ भरली. तुझ्याकडे नक्कल असावी म्हणून इथे जशीच्या तशी उतरवतो: 'दुपारी उजेड कमी असताना कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला तीसवरून पंधरा झाला. त्याला कारण झालेला पडदा आणि कॅमेऱ्याची सेटिंग, दोन्ही धम्मरत्न, राहणार कामरगाव, यांनी केले. त्यांनी ते पत्राने कळवले होते, कोणी वाचले नाही. कामगार बायकांचा वेग सकाळी बारा, दुपारी साडेअकरा.' ओळीत मावेना, म्हणून समासात गेलो आहे. अक्षर मात्र स्वच्छ आहे.

अप्रशिक्षित हा शब्द मी वापरला नाही. चूक केली, ती नावानिशी घेतो. पण ज्याला स्वतः काही शिकवलेच नाही, त्याच्या शिकण्यावर शेरा मारायचा सरांना हक्क नाही. तळटीप द्यायची तर नाव घालून द्यावी, आणि नाव घालताना बेबीताईचेही घालावे. दोष तिने पकडला, आम्ही दोघांनी नाही.

काल सकाळी साडेनऊला शेडात गेलो. बेबीताई आणि दुर्गाबाईला निरोप होता, त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. मी लॅपटॉप उलट्या कॅरेटवर ठेवला, सगळ्यांना दुपारचे चित्र दाखवले आणि झोळीवर बोट ठेवले. म्हणालो, तुमचे हात बरोबर होते. पडदा माझा, चूक माझी. एवढेच बोलायला पंधरा किलोमीटर जीपमध्ये घोकत आलो होतो.

तनुजा म्हणाली, "मले तर वाटलं माह्या पोरीले पंखच फुटले." सगळ्या हसल्या. मी नाही हसलो.

दिनेशने तुझा कागद शिक्क्यापासून शिक्क्यापर्यंत दोनदा वाचला. "मंग आता अठरा नाही?"

"नाही. बारा. आन् कॅरेट आठ. पहिलेपासून जेवढे होते तेवढे."

"यात तुमचं नाव हाय भाऊ. चूक म्हणून."

"मीच लिहिलं आहे."

तो कागद घडी करून खिशात ठेवणार, तेवढ्यात गोमतीबाई उठली, मिरचीच्या हाताने टिनाच्या पत्र्यावरचा बारा पुसला आणि म्हणाली, "येथी आठ लेहा, नाही तर पत्रा काढा. आमाले मोजता येते." दिनेशने आठ लिहिले नाही. पण पत्रा काढला. बेबीताई आणि दुर्गाबाई आत आल्या आणि आपापल्या ढिगापाशी बसल्या, जणू काल उठून गेल्या होत्या.

दुपारी तीनला पाच मिनिटे कमी असताना मी सवयीने पश्चिमेकडे गेलो. बारदान जागेवर नव्हते. ते बेबीताईने काढले होते, आणि चुलीवरचे भांडे झाकावे तसे चौपदरी करून पहिल्या कॅमेऱ्यावर टाकले होते. उरलेली दोरी दुसऱ्याला गुंडाळली होती. ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होते. एक डोळा मिटून ती मिरची निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काढाची हिंमत असन तर काढ."

मी काढले नाही. मी पश्चिमेच्या दाराशी गेलो आणि पाच वाजेपर्यंत तिथे उभा राहिलो, तिच्या आणि उन्हाच्या मध्ये. ऊन खाली उतरेल तसा सरकत होतो. मी दोनदा चुकीच्या बाजूला सरकलो तेव्हा तिने हाताने नीट जागा दाखवली.

तिच्या बसायच्या मांडणीचे रेखाटन पुरे कर. त्याला कॅमेरा लागत नाही. टेप घेऊन ये, मापे मी धरतो.

सोबत डिस्क पाठवत आहे. रिकामी आहे. बिघडलेली नाही, मी तपासली आहे. काल चित्रण झाले नाही, एवढेच.

आशीर्वाद.

धम्मरत्न